सहा बाय तीन मीटरचं अंतराळ

‘पडदा मी करतो’ असं मी म्हणालो नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. ‘हल्ली असे देखावे कॉम्प्युटरवर फार छान होतात,’ एवढंच मी म्हणालो होतो. पण कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळात एक अलिखित नियम आहे. मीटिंगमध्ये एखादी गोष्ट छान होते असं जो म्हणतो, ती गोष्ट त्याच्या गळ्यात पडते. गेल्या वर्षी मी साबुदाणा वड्यांबद्दल असंच काहीतरी बोललो होतो आणि दीडशे वडे तळून घरी गेलो होतो. तरी मी तोंड का उघडलं, याचं कारण मी पुढे सांगतो; माझी बायको नीता म्हणते, ह्याला गप्प बसवतच नाही.

मंडळाच्या अध्यक्ष मालिनीताई यांनी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मुलांचं नाटक लिहिलं होतं. आमची दिवाळी दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी येते, कारण हॉल तेव्हा मिळतो. नाटकात सहा मुलं यानात बसून अंतराळात जातात, काचेचे डोंगर आणि कडीवाले ग्रह ओलांडतात आणि शेवटी आरशासारख्या लखलखीत ग्रहाजवळ पोचतात. हे सगळं मागच्या पडद्यावर दिसायला हवं होतं. पडदा सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच.

“तुम्ही सॉफ्टवेअरमध्येच आहात ना विनय,” मालिनीताई म्हणाल्या.

मी आहे. मी लिफ्टच्या देखभालीचं वेळापत्रक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अठरा वर्षांत माझ्या हातून पडद्यावर एक साधं वर्तुळ उमटलेलं नाही. पण समोर वीस माणसं बसलेली असताना हे सांगणं बरं दिसलं नसतं.

आता थोडं गंभीर बोलतो. या यानाची कॅप्टन होती आमची अन्वी, वय वर्षं अकरा. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण ती बोलत नाही. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार आहे. “जेवलीस का गं?” “या”, म्हणजे हो. “काय जेवलीस?” “नूडल्न.” चार वर्षांची होईपर्यंत ती तोंडाचा पट्टा चालवायची. मग किंडरगार्टनला जायला लागली आणि एक दिवस मराठी बंद झालं. कुणी हसलं असेल, कुणी काही बोललं असेल. आम्हाला कधी कळलं नाही. तेव्हापासून तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकायला मी आसुसलो होतो, हे मी नीतालाही कधी सरळ सांगितलेलं नाही.

माझे सासरे अप्पा तर त्यासाठीच सोलापूरहून तीन महिने आले होते. नातीशी बोलायचं म्हणून. ते रोज सकाळी तिला विचारायचे, “काय कॅप्टन, आज काय विशेष?” आणि ती गोड हसून मान हलवायची. अप्पा तेवढ्यावर दिवस काढायचे.

नाटकात काम करायला ती तयार झाली, त्यामागे भाषेचं प्रेम अजिबात नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर नाटकातला विहान कॅप्टन झाला असता आणि ते तिला सहन होणारं नव्हतं. एकोणीस वाक्यं तिने पाठ केली. पण एक अट घातली, अर्थातच जर्मनमध्ये. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी नाटक बघायला येणार होत्या, तेव्हा पडदा ‘पाइनलिश’ असता कामा नये. पाइनलिश म्हणजे बघून लाज वाटेल असं काहीही. या वयात त्यात आईबापही येतात. गेल्या वर्षीचा आमचा पडदा म्हणजे तीन चादरी आणि त्यावर टोचलेला कागदी किल्ला होता. तसलं काही दिसलं तर मी स्टेजवर पाय ठेवणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. आणि ती तिच्या आईची मुलगी आहे.

अप्पांना हे कळलं तेव्हा ते खुलले. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. गॅदरिंगचे किती पडदे रंगवले त्याला गणती नाही.

“विनयराव, मांजरपाट आणा आणि रंगाचे डबे आणा. दोन दिवसांत अख्खं आकाश उभं करून देतो.”

मला ते मनापासून पटलं होतं. पण हॉलची व्यवस्था बघणारे हाउसमाइस्टर, हेर म्हणजे श्रीयुत लांगे, यांनी आकाशाला हरकत घेतली. स्टेजवर जे कापड टांगायचं ते सहजासहजी पेट न घेणारं हवं आणि तसं प्रमाणपत्र हवं. मी म्हणालो, आम्ही कापड पेटवणार नाही आहोत. ते म्हणाले, आल्झो, म्हणजे असं बघा, पेटवणारे लोक आधी असंच म्हणतात. अप्पांनी मांजरपाटावर स्वतः रंगवलेल्या आकाशाला प्रमाणपत्र कोण देणार? तेव्हा छापखान्यातून प्रमाणित कापडावर छापून आणणं, एवढाच मार्ग उरला. अप्पा “असू दे, असू दे” म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी फार आदराने वागले. सासऱ्यांनी फार आदराने वागायला सुरुवात केली की जावयाने काय समजायचं ते समजावं.

मंडळात चारुदत्त म्हणून एकजण आहेत. गाडी तयार होण्याआधी तिच्या हेडलाइटचा उजेड कसा पडेल, हे ते कॉम्प्युटरवर काढतात. त्यांनी मला सांगितलं की साधं चित्र नको, रे-ट्रेसिंग कर. म्हणजे चित्र आपण काढायचंच नाही. ग्रह, डोंगर, काच, दिवे हे सगळं आपण नुसतं मांडून ठेवायचं. मग कॉम्प्युटर चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून एकेक किरण सोडतो, तो कुठे आपटला, कुठे वळला, शेवटी कुठल्या दिव्यापाशी पोचला याचा माग काढतो, आणि त्यावरून त्या ठिपक्याचा रंग ठरवतो. सावली, चकाकी, प्रतिबिंब सगळं आपोआप येतं आणि अगदी खरं येतं. हे ऐकून मी इतका भारावलो की पुढचा आठवडाभर भेटेल त्याला समजावून सांगत होतो. जेवताना अप्पांना सांगितलं. नीताला तर तीनदा. अन्वीला सांगायला लागलो तेव्हा तिने कानात इयरफोन घातले.

अप्पा म्हणाले, “म्हणजे तुम्ही काही काढणारच नाही?”

“नाही अप्पा. नुसतं मांडायचं.”

“रुखवतासारखं,” अप्पा म्हणाले.

मांडलं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर तीन आठवडे मांडत होतो. काचेचे डोंगर उभे केले. ते पहिल्यांदा बर्फीच्या वड्यांसारखे दिसायचे, मग सुधारले. कडीवाला ग्रह केला. दोन चंद्र केले, त्यातला एक चुकून ग्रहाच्या पोटात गेला होता, तो बाहेर काढला. आणि मधोमध नाटकाचा मुख्य ग्रह, आरशाचा. तो मात्र काळा ठिक्कर दिसायला लागला. काही केल्या चमकेना.

चारुदत्तांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, आरशात दिसायला समोर काहीतरी हवं ना. तुझ्या अंतराळात काळोख आहे, तर आरशात काळोखच दिसणार. चारी बाजूंचा एक फोटो घाल भोवती. आत्ता कुठलाही घाल, नंतर ताऱ्यांचा टाक.” त्यांनी आपला चौफेर फोटो काढणारा छोटा कॅमेराही दिला. तो खोलीच्या मधोमध ठेवायचा, बटण दाबायचं आणि दहा सेकंदांत खोलीबाहेर जायचं.

मी तो आमच्या दिवाणखान्यात ठेवला. शनिवार होता. सकाळपासून कॉम्प्युटर चाचण्या करत होता, त्याच्या गरम हवेने ऑक्टोबरातही खोलीत घाम येत होता, म्हणून मी बनियन आणि हाफ पँटवर होतो. बटण दाबून मी दाराकडे निघालो. दाराच्या वाटेत कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता. एक पाय मी पलीकडे टाकला आणि दहा सेकंद संपली. म्हटलं, चाचणीपुरताच तर फोटो आहे, कोण पुन्हा काढतंय. घातला तसाच.

ग्रह झळाळून उठला. त्याच्या अंगावर केशरी, मोरपिशी रंगाच्या विलक्षण सुंदर लाटा पसरल्या होत्या. मी मोबाइलच्या आकाराचं छोटं चित्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि तारीफ सुरू झाली. ‘काय तेजोमेघ आहे!’ असं मालिनीताईंनी लिहिलं. कुणी म्हणालं, हे नासाच्या तोडीचं आहे. अन्वीनेसुद्धा चित्र बघून ‘गाइल’ असं म्हटलं, म्हणजे झकास. आता हा तेजोमेघ कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तारीफ चालू असताना प्रश्न पडत नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं, ‘धन्यवाद. हे सगळं परावर्तनाचं गणित आहे.’ ताऱ्यांचा फोटो टाकायचा राहिलाय, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मग मुख्य काम सुरू झालं. छापण्याइतकं मोठं चित्र काढायला कॉम्प्युटरला सहा दिवस लागणार होते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता बटण दाबलं. पंखा असा घुमायला लागला की बोलताना आवाज चढवावा लागे.

रविवारी दुपारी एक वाजता दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ आइशहॉर्न. रविवारी आवाज करायचा नसतो, हे जर्मनीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं. मला तर इथे बारा वर्षं झाली. त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं की हेर रिसबूड, आपण रविवारी वॉशिंग मशीन तर लावत नाही ना? या इमारतीत याहून मोठा आरोप नाही. मी म्हणालो, नाही हो, मी ग्रह तयार करतोय. मग पुरावा म्हणून मी त्यांना आत नेलं, एक्कावन्न टक्के झालेलं अंतराळ दाखवलं आणि किरणांचा माग कसा काढतात ते उभ्या उभ्या समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉम्प्युटरखाली घालायला एक जुनी गादी आणून दिली, खिडकी दहा मिनिटं पूर्ण उघडून खोलीतली हवा बदलायला लावली आणि जाताना सांगितलं की सहा दिवसांत एवढं होत असेल तर गती चांगली आहे. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की विचारायच्या, “ग्रह कुठवर आले?”

मंगळवारी ग्रह त्र्याऐंशी टक्क्यांवर होते. ऑफिसमधून मी दर अर्ध्या तासाने लॅपटॉपवर बघत होतो. दहाला बघितलं तर घरच्या कॉम्प्युटरशी संपर्कच होईना. घरी फोन केला, कुणी उचलेना. तातडीचं काम निघालं असं साहेबांना सांगून मी ट्रामने घरी आलो. घरात शांतता. पंखा बंद.

थोड्या वेळाने अप्पा फिरून आले. प्रसन्न दिसत होते.

“लवकर आलात?” ते म्हणाले. “मी जरा बागेत जाऊन आलो. सगळं नीट बंद करून गेलो होतो, काळजी नको.”

घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, ही अप्पांची पन्नास वर्षांची शिस्त. सोलापूरच्या घरी ते गॅसची खुंटीसुद्धा दोनदा बघतात. इथल्या सॉकेटला बटणच नसतं. तेव्हा त्यांनी घरभर हिंडून टीव्हीची, दिव्याची, फोन चार्जरची आणि माझ्या कॉम्प्युटरची वायर एकेक करून उपटली होती आणि वळ्या करून सुतळीने बांधून ठेवली होती. त्र्याऐंशी टक्के अंतराळ त्या वळीत गेलं. मधेमधे जपून ठेवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे, पण ती आपण आधी चालू करायची असते, हे मला त्या दिवशी कळलं.

सासऱ्यांवर ओरडता येत नाही. मी फक्त “बरं केलंत” म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडा वेळ बसलो. फ्राउ आइशहॉर्नना जिन्यात ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

अकराच्या ठोक्याला काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कॉम्प्युटरवर जर्मन आणि मराठीत चिठ्ठ्या लावल्या. छापखान्याची शेवटची वेळ सोमवारी दुपारी बारा. चित्र पूर्ण झालं सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. फाइल एवढी अवाढव्य होती की उघडायलाच अर्धा तास लागला असता. मी ती न उघडता पाठवून दिली. बारा वाजायला चार मिनिटं असताना पोचल्याची पोच आली आणि मी नीताला फोन करून म्हणालो, “झालं एकदाचं.” या दोन शब्दांत मी किती चुकलो होतो, ते गुरुवारी कळलं.

गुरुवारी दुपारी मी घरून काम करत होतो. सुरनळी आली, प्रमाणपत्रासकट. अन्वी शाळेत होती. सहा मीटर कापड आमच्या दिवाणखान्यात मावत नाही, म्हणून आम्ही मधला भागच उलगडला. आरशाचा ग्रह सोफा आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध पसरला. दीड मीटर व्यासाचा. अप्पा चष्मा लावून त्याच्यावर वाकले. कधी नव्हे ते “वा!” म्हणाले. मग बोटाने कापडावर काहीतरी शोधायला लागले.

“विनयराव,” ते हळूच म्हणाले, “हा आपला सोफा का?”

मी वाकलो. ग्रहावर आमचा सोफा होता. शेजारी आमचं टेबल, त्यावर लोणच्याची बरणी. कपड्यांचा स्टँड होता. तेजोमेघातला केशरी भाग म्हणजे नीताचा वाळत घातलेला कुडता होता आणि मोरपिशी भाग म्हणजे आमचा अंघोळीचा टॉवेल. आणि त्या स्टँडवर एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे असा, दोन्ही हात हवेत, बनियन घातलेला मी होतो. कॉम्प्युटरने गोलाईप्रमाणे माझं पोट थोडं वाढवलं होतं. बाकी सगळं अगदी खरं होतं.

नीता भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबून म्हणाली, “अन्वी.”

त्यानंतरचे दोन दिवस कुणावर येऊ नयेत असं मला वाटतं. पुन्हा काढून छापायला वेळ नव्हता. चारुदत्तांना फोटो पाठवला तर ते म्हणाले, “परावर्तन मात्र एकदम अचूक आलंय हां!” मालिनीताई म्हणाल्या, लांबून काही दिसायचं नाही. म्हणून मी अप्पांना पॅसेजच्या टोकाला उभं केलं. तिथून ते ओरडले, “इथून जास्त स्पष्ट दिसताय!” मग अप्पांनी एक सरळ उपाय काढला. त्यांनी रंग पाण्यात कालवले, ब्रश हातात घेतला आणि म्हणाले, “दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्यावर एक धूमकेतू काढतो.” मी आधी कापड घेऊन हेर लांगेंना विचारायला गेलो. त्यांनी प्रमाणपत्र आणि कापड पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि सांगितलं की रंग लावला की ते प्रमाणपत्रातलं कापड राहणार नाही. काही चिकटवलं, टाचलं, टांगलं तरी नाही. मग ते ग्रहाकडे वाकून म्हणाले, “हे तुम्हीच ना?” मी म्हणालो, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली, पण नियम हलला नाही.

अप्पांनी ब्रश धुऊन ठेवला. “पोरीला सांगून टाका,” ते म्हणाले.

“सांगितलं तर ती जाणारच नाही स्टेजवर,” मी म्हणालो.

“आणि न सांगता तिने तिथे जाऊन बघितलं तर?” नीता म्हणाली.

अप्पांचं परतीचं विमान पुढच्या बुधवारी होतं. ती एकोणीस वाक्यं अप्पांना ऐकू यावीत एवढंच मला हवं होतं. म्हणून मी पडदा गुंडाळून ठेवला आणि गप्प बसलो. नीता आणि अप्पा माझ्यामुळे गप्प बसले. हे मी शहाणपणाने केलं असं म्हणत नाही.

शनिवारी हॉल भरला. फ्राउ आइशहॉर्न मोत्यांची माळ घालून पहिल्या रांगेत आल्या होत्या, ‘माझे ग्रह’ बघायला. अन्वीच्या दोन मैत्रिणी त्यांच्या शेजारी. मुलं सगळा वेळ हॉलच्या मागच्या खोलीत तयार होत होती, त्यामुळे पडदा तिने अजून नीट पाहिला नव्हता. मी, नीता आणि अप्पा तिसऱ्या रांगेत. पडदा उजेडात आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सुंदर दिसत होता, हे मी सांगायला हवं. काचेच्या डोंगरांतून उजेड आरपार जात होता. आणि लोकांची नजर यानाकडे, मुलांकडे होती. ग्रहाकडे कुणी निरखून बघत नव्हतं. सगळं नीट चाललं होतं. अन्वीची पहिली अकरा वाक्यं खणखणीत आली. अप्पा प्रत्येक वाक्याला ओठ हलवत होते.

बारावं वाक्य होतं ग्रहाचं. मालिनीताईंनी लिहिलेलं असं: ‘समोर एक निर्जन ग्रह दिसतो आहे; तेथे जीवसृष्टीची कोणतीही खूण नाही.’ ते म्हणताना कॅप्टनने वळून ग्रहाकडे बोट दाखवायचं होतं.

अन्वी वळली. बोट दाखवलं. “समोर एक निर्जन ग्रह दिसतो आहे,” ती म्हणाली. “तेथे जीवसृष्टीची...”

आणि थांबली.

ती ग्रहाकडे बघत होती. पाठ आमच्याकडे, बोट अजून वर. विंगेतून मालिनीताईंनी पुढचे शब्द सांगितले, सगळ्या हॉलला ऐकू येतील एवढ्या हळू. ती हलली नाही. पहिल्या रांगेतली एक मैत्रीण ग्रहाकडे बघून दुसरीच्या कानाला लागली. अप्पांनी माझा हात पकडला होता आणि मला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता उठून स्टेजवर जावं आणि त्या ग्रहापुढे उभं राहावं, मी दुप्पट दिसलो तरी चालेल.

अन्वी वळली. चेहरा लालबुंद झाला होता. तिने विहानकडे बघितलं आणि म्हणाली, “थांबा. इथे कोणीतरी राहतंय.”

हे वाक्य नाटकात नव्हतं.

विहान गडबडला. “कोण?” तो म्हणाला.

“एक... एक प्राणी आहे. बनियन घातलंय. कपडे वाळत घालतोय वाटतं.” ती पुन्हा वळली, डोळे बारीक करून बघितलं. “उडी मारतोय. पण त्याला नीट येत नाही.”

आता हॉलमधल्या सगळ्यांनी ग्रहाकडे बघितलं. आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. फ्राउ आइशहॉर्न चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण मला आणि माझ्या कपड्यांना त्यांनी ओळखलं होतं. विहानला आता उत्साह आला होता.

“कॅप्टन, आपण त्याच्याशी बोलायचं का?”

अन्वीने अजिबात वेळ घेतला नाही.

“नको,” ती म्हणाली. “तो मग सगळं समजावून सांगत बसेल.”

नीता माझ्या खांद्यावर कोसळली. माझ्या मानाचं काय झालं ते विचारू नका. शंभर माणसं माझ्या बनियनला हसत होती आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसत होतो. छातीवरचा दोन दिवसांचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. अप्पांनी माझा हात सोडला नव्हता. “बोलली हो,” ते म्हणत होते, “स्वतःचं बोलली.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही आले, लपवण्यात अर्थ नाही.

नाटक संपल्यावर मी माफी मागायची तयारी करून आत गेलो. ती कॅप्टनचा चंदेरी कोट काढत होती. मला बघितल्याबरोबर कोट अर्धवट टाकून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

“बाबा, तू मला सांगायला पाहिजे होतं ना! मी बघितलं तर तू! स्टँडवर! मला एवढं हसू आलं की पुढचं सगळं विसरले मी. आईला माहीत होतं? आजोबांना पण? सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही? असं करतात का कधी? आणि ते बनियन किती जुनं आहे!”

मी हूं की चूं न करता ऐकत होतो. मागे नीता आणि अप्पा येऊन उभे राहिले होते. आपण कुठल्या भाषेत झापतोय हे तिच्या लक्षात आलेलं नव्हतं आणि ते लक्षात आणून देण्याची आमची कुणाची हिंमत नव्हती. ती दम घ्यायला थांबली.

“संपलं?” मी घाबरत घाबरत विचारलं.

“नाही,” अन्वी म्हणाली. “अजून खूप आहे.”